डाकिणीचा उजवा गाल

परवा न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. दोन तरुण बाकावर बसून भांडत होते. विषय काय, तर भुताच्या बोलपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा असतो की नसतो. एक म्हणत होता, दुसऱ्या भागात भूत पुन्हा आलं की ओळखीचं होतं, मग भिणार कोण. दुसरा म्हणत होता, पहिल्या खेपेला भूत नुसतं दचकवतं, दुसऱ्या खेपेला खरं मुरतं. माझ्या गालावर साबण होता म्हणून मी गप्प राहिलो, नाहीतर दोघांनाही तिथल्या तिथे गप्प केलं असतं. कारण भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग कसा पडतो हे मला ठाऊक आहे. एक मी स्वतः पाडलेला आहे.

आता तुम्ही विचाराल, हा कोण? नट की मालक? यातलं काहीच नाही. सिनेमा मुका होता तेव्हा मी त्याचं तोंड होतो. आमचा फिरता तंबू होता. नंदुरबारला रेल्वेने सामान उतरवायचं, तिथून बैलगाड्यांवर लादून तापीकाठची गावं, तळोद्याचा बाजार, नवापूरकडच्या यात्रा असं हिंडायचं. पडद्यावर चित्रं हलायची, मधून मधून अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्याही इंग्रजीत आणि गुजरातीत. वाचणार कोण? म्हणून पडद्याच्या कडेला हातात वेताची छडी घेऊन मी उभा राहायचो आणि गोष्ट सांगायचो. राजा रागावला की मी रागवायचं, राणी रडली की मी रडायचं, आणि घोडा पळाला की जिभेने टापा वाजवायच्या. लोक मला मास्तर म्हणायचे. मी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही, हे आज कबूल करून टाकतो.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं बरं. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार. मग बत्ती पेटवायची आणि तेवढा वेळ मी लोकांना बोलण्यात धरून ठेवायचं. उस्मानभाई मशीन हाताने फिरवायचा. त्याचा हात जेवणानंतर जड व्हायचा, मग युद्धातले घोडेही लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे चालायचे, आणि मी तोंडाने त्यांना पळवायचो. तळोद्याला एकदा डोंगरातून आलेला एक पावरा आदिवासी गडी पडद्याकडे पाठ करून मशीनकडे तोंड करून बसला. मी हटकलं, तर त्याने दुभाष्याकरवी सांगितलं, उजेड इथून निघतोय, तिकडे तर नुसती सावली पडतेय, मग उजेड निघतो तिथेच मी बघणार. लोक हसले, मीही हसलो. पुढे वर्षभराने मला त्याची आठवण झाली आणि मग हसू आलं नाही.

आमच्या तंबूची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. पुढच्या बाजूला, म्हणजे मशीनच्या बाजूला, पुरुष. पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर पाणी मारून तो ओलाचिंब करायचा, म्हणजे चित्र आरपार उमटतं आणि मागच्या बायकांनाही दिसतं. बायकांच्या बाजूला पुरुष माणसाने पाऊल टाकायचं नाही. मी पडद्याच्या कडेला, पुरुषांच्या बाजूला उभा. बायकांना माझा आवाज तेवढा ऐकू जायचा.

तर एका हंगामात आमच्या शेठने मुंबईहून 'बारवेची बाई' नावाचं चित्र आणलं. एका सुनेला सासरचे बारवेत ढकलतात आणि ती भूत होऊन परत येते, एवढीच गोष्ट. पण काय चित्र होतं महाराज! बारवेच्या पायऱ्यांवरून ती ओल्या केसांनी वर यायची, हळूहळू मान वर करायची आणि तिच्या गालावरचा भाजल्याचा मोठा डाग उजेडात यायचा. उस्मानभाई ते रीळ मुद्दाम सावकाश फिरवायचा. मी आवाज एकदम खाली आणायचो. तंबूत कुणी खोकतही नसे. शेठ नवसारीकडचा, तो मागून मला सांगायचा, "मास्तर, बीवडाव! हजु बीवडाव!" म्हणजे अजून घाबरव. आणि मी घाबरवायचो.

पाटीवर तिला 'प्रेतात्मा' म्हटलं होतं. आमच्या भागात प्रेतात्म्याला कोण विचारतो? मी तिला डाकीण केलं. शब्दाबरोबर तंबूत शहारा फिरायचा. तेवढ्यावरही माझं समाधान झालं नाही. चित्राच्या शेवटी ती बारवेत विरून जाते, संपलं. मला तो शेवट मिळमिळीत वाटला. म्हणून कोरीटच्या पलीकडल्या एका गावात, त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली पोरंबाळं आता शिकून मोठी झाली आहेत, देवीच्या यात्रेत मी माझ्या पदरचा शेवट जोडला. पडदा काळा झाल्यावर अंधारातच तिथल्या बोलीत म्हणालो, "ती काही विरनी नही. बारवमातून बाहेर निंघनी आनि गावमा बसनी. कोनता गावमा, ते माले ठावं नही. गालवरना डाग दखा आनि वळखा!"

बत्ती पेटली तेव्हा अर्धी माणसं उठायला तयार नव्हती. शेठने मला मिठी मारली. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

वर्षाने त्याच यात्रेला आम्ही परत आलो ते 'बारवेची बाई, भाग दुसरा' घेऊन. मुंबईवाल्यांनी पहिल्यावर चांगला हात मारला होता, मग दुसरा काढणार नाहीत तर काय करतील? शेठ खुशीत होता. तंबूच्या मेखा ठोकून होईतो दुपार झाली, आणि मी दोऱ्या तपासत होतो तेव्हा मागून हाक आली, "मास्तर."

मथीआक्का होती. ही त्याच गावची, दर यात्रेला आमच्या तंबूच्या दाराशी टोपली घेऊन फुटाणे विकायची. एकटी बाई, नवरा वारलेला, स्वतःच भट्टी लावून हरभरे भाजायची. गेल्या वर्षीपर्यंत तिची टोपली पहिल्या रिळालाच रिकामी व्हायची आणि ती दाराच्या फटीतून उरलेला खेळ बघत उभी राहायची. यंदा टोपली नव्हती. ती वाळली होती. आणि तिच्या डाव्या गालावर, भट्टीतली तापलेली वाळू उडून झालेला, जुना डाग होता. तो डाग मी गेल्या वर्षी शंभरदा पाहिला असेल. त्या क्षणापर्यंत तो माझ्या ध्यानात आला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

"मास्तर, तुम्ही हाई काय करी ठेवं?" ती म्हणाली. रडत नव्हती. मला वाटतं तिचं रडून झालं होतं.

मग तिने सांगितलं. आमचा तंबू हलल्यावर तिसऱ्या दिवशी गोदाजिजीचा नातू तापाने फणफणला. गोदाजिजी म्हणजे गावातल्या बायकांची पुढारीण, तिच्या शब्दाबाहेर एक बाई पाणी भरायला जात नसे. त्या पोराच्या हातावर यात्रेत मथीआक्काने मूठभर फुटाणे ठेवले होते. पोरगं महिनाभर अंथरुणात होतं. पुढे बरं झालं, पण तोवर बायकांचं ठरलं होतं की मास्तरने सांगितलेली ती हीच. गालावर डाग, तोही त्याच बाजूला.

"माले कोनी विहीरवर येऊ देत नही. फुटाणा कोनी ल्हेत नही. आते म्हनतस, यात्रा व्हयनी का हिले भगतकडे लई जातीन."

भगताकडे नेतात म्हणजे काय करतात, ते मला माहीत होतं. मिरचीची धुरी देतात. झोडपतात, 'कबूल कर' म्हणून. त्यातून सगळ्याच बायका उठत नाहीत.  मी हातातली दोरी खाली टाकली.

जाता जाता ती थांबली. म्हणाली, "एक सांगू का मास्तर? मी दारनी फटमातून दखेल शे. तिन्हा डाग उजवा गालवर व्हता. मन्हा डावा गालवर शे. मंग ती मी कशी?"

मी म्हणालो, बायका तर म्हणतात डावाच. ती म्हणाली, "मी उजवाच दखं."

ती गेली आणि मी तिथेच मेखेपाशी बसून राहिलो. हिने कुठून पाहिलं? दारातून. दार कुठे? पुरुषांच्या बाजूला. बायकांनी कुठून पाहिलं? मागून. आणि तेव्हा मला तळोद्याचा तो पाठ करून बसलेला गडी आठवला. उठलो, उस्मानभाईला म्हटलं, दिवेलागण झाली की बायका आत यायच्या आधी पाच मिनिटं नव्या चित्राचं पहिलं रीळ चालव. पडदा भिजवला. आणि आठ वर्षं ज्या धंद्याच्या जिवावर जगलो, त्यात पहिल्यांदा मी पडद्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

सगळं उलटं होतं! सासऱ्याची तलवार डाव्या कमरेची उजव्या कमरेला गेली होती. पाट्यांवरची अक्षरं उलटी. तिकडे बसणाऱ्या बायकांत वाचणारी एकही नसल्यामुळे ते कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि डाकिणीचा उजव्या गालावरचा डाग मागून बघणाऱ्यांना डाव्या गालावर दिसत होता. म्हणजे अर्ध्या गावाने एक डाकीण पाहिली होती आणि अर्ध्या गावाने दुसरी. आणि मी, दोघींचा मास्तर, मला याचा पत्ता नाही. मला माझी इतकी लाज वाटली की उस्मानभाईने "क्या हुआ?" विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो.

आता हे बायकांना पटवायचं कसं? नुसतं सांगून भागलं नसतं. मी सांगितलं तेच तर खरं मानून त्या इथवर आल्या होत्या. आता दुसरं सांगितलं तर म्हणतील, डाकिणीने मास्तरला फितवलं. काहीतरी असं हवं होतं की ज्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

ते आमच्याच पेटीत होतं. प्रत्येक खेळाच्या आरंभी आम्ही पडद्यावर गणपती दाखवायचो. काचेवर रंगवलेलं चित्र, मशीनच्याच दिव्यापुढे धरायचं. फिल्लम दिव्यापुढे थांबवली तर पेट घेते, पण काच हवी तेवढा वेळ धरता येते. गणपती डाव्या सोंडेचा.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. गोदाजिजी मागच्या बाजूला पहिल्या रांगेत, नातू मांडीवर. मथीआक्काला मी दारापाशी उभं राहायला सांगितलं होतं. गणपती पडद्यावर आला, सगळ्यांनी हात जोडले. रोज मी इथे एक आरोळी ठोकून खेळ सुरू करायचो. त्या दिवशी विचारलं, "सांगा बरं, गणपतीनी सोंड कोनती बाजूले?"

"डावी!" पुरुष ओरडले.

"उजवी!" पडद्यामागून बायका ओरडल्या.

आणि मग जो काही गलका उडाला! "येड्या व्हयन्यात का तुम्ही?" एका पुरुषाने इकडून विचारलं. त्यावर गोदाजिजीचा आवाज चढला, "इतला साल व्हयनात, मी गणपती पुजी ऱ्हायनी. तू माले सोंड शिकाडस का?" शेठ माझ्या कानाशी येऊन गुजरातीत शिव्या घालायला लागला. मी म्हणालो, शेठ, दोन मिनिटं. आणि मोठ्याने सांगितलं, "जिजी, भांडण कसाले? इकडे या आनि दखा. आज बाया पुढे, गडी मांघे."

असं कधी झालं नव्हतं. कुणी उठेना. शेवटी गोदाजिजीच उठली, कारण तिला आपली सोंड सिद्ध करायची होती. ती उठली म्हणजे बाकीच्या उठल्याच. बायका कनातीला वळसा घालून पुढे आल्या, गडी कुरकुरत मागे गेले. काच होती तिथेच होती. गोदाजिजी पडद्यापुढे उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. सोंड डावी होती. पडद्यामागून तिचाच थोरला लेक ओरडला, "माय, आठून उजवी दिखस वं!" म्हणजे इथून उजवी दिसते.

गोदाजिजी खाली बसली. मी उस्मानभाईला खूण केली.

दुसऱ्या भागाच्या आरंभी पहिल्या भागातले तुकडे जोडलेले होते, मागचं आठवावं म्हणून. बारव आली. पायऱ्या आल्या. ओले केस, मान वर, आणि तो डाग. उजव्या गालावर. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. आयुष्यात त्या दृश्यावर मी एवढा गप्प कधी राहिलो नव्हतो.

एक बाई किंचाळली, "माय वं! डाकीननी गाल बदला!"

सरसर कुजबुज पसरली.  झालं, म्हटलं, आता ही गाल बदलणारी डाकीण झाली, म्हणजे पहिल्यापेक्षा भयंकर. आणि तेवढ्यात गोदाजिजीचा तिखट आवाज आला, "मंग गणपतीनी बी सोंड बदली का? गप बस!"

देवाशपथ सांगतो, त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले.

पहिलं रीळ संपलं, बत्ती पेटली. गोदाजिजी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मास्तर, डागनं समजनं. पन ती गावमा बसनी, वळखा, असं तुम्हीच सांगं ना?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. सांगणाऱ्याच्या धंद्यात एकच भांडवल असतं. लोक तुमच्या तोंडाकडे बघून मानतात की पडद्यावर तेच आहे. ते एकदा गेलं की छडी नुसती काठी होते. मागे शेठ उभा होता, समोर आणि पडद्यामागे सगळं गाव. मी म्हणालो, "जिजी, ते फिल्लममा नव्हतं. ते मन्हा पोटमातलं व्हतं. तुम्ही भ्यावं म्हनीसन मी खोटं सांगं. ती बारवमाच विरनी व्हती. तुम्हना गावमा कोनी उनी नही."

कुणीतरी मागून शिवी हासडली. ती मला पोहोचली आणि मी ती ठेवून घेतली. दाराशी मथीआक्का भिंतीसारखी निश्चल उभी होती. गोदाजिजीने तिच्याकडे मान वळवली. दोघींची वर्षभरात नजरानजर झाली नसावी. मग जिजीने नातवाला एका बाजूला सरकवलं, हाताने चटईवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "मथे, उभी काय ऱ्हायनी? आठे ये. बस."

ती आली. सगळ्या बायका सरकल्या असं मात्र नाही. दोघीतिघी उठून पार टोकाला जाऊन बसल्या, आणि त्यातल्या एकीने पुढेही तिच्या हातचं काही घेतलं नाही असं मी ऐकलं. पण ती बसली, आणि त्या यात्रेनंतर तिला भगताकडे कुणी नेलं नाही.

आता त्या दुसऱ्या भागाचं सांगतो. तो वाईटच होता. आधीची नटी सोडून गेली होती, नवी गुबगुबीत होती. ती उडी मारायची तेव्हा तिच्या पायाखालची फळी दिसायची. पण याहून रद्दी चित्रं मी नुसत्या आवाजावर तारून नेलेली आहेत, आणि हेही तारलं असतं. नाही तारलं. फळी दिसली तेव्हा छडी लावून दाखवली, "ही दखा फळी!" गाव हसायला लागलं. डाकीण बारवेतून आली की पोरं टाळ्या वाजवायची. शेठ पुढे येऊन दात ओठ खात म्हणाला, "बीवडाव ने!" मी म्हणालो, शेठ, आज जमत नाही, घसा बसलाय. त्याला कळलं. महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्या तालुक्यात मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, दुसऱ्या भागाला पहिल्याची सर नाही. ऐकून वाईटही वाटायचं. कलावंताचा जीव असतो हो, पाडलेल्या खेळाचीही हळहळ लागते. पुन्हा कधी मला पहिल्यासारखं घाबरवता आलं नाही. आवाज खाली आणला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "मास्तर, पोटमातलं नका सांगू!"

एक मात्र झालं. त्या गावच्या बायका पुन्हा पडद्यामागे जाईनात. गोदाजिजीने शेठला स्पष्ट सांगितलं, उलटं दाखवशील तर तंबूत पाऊल टाकणार नाही. मग आम्ही पुढच्याच बाजूला मधोमध उभा दोर बांधला, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. हळूहळू सगळीकडे तेच केलं. त्यानंतर दोनेक वर्षांत पडदा स्वतःच बोलायला लागला आणि माझी छडी ट्रंकेत गेली.

त्या दिवशी खेळ सुटला तेव्हा मी दाराशी उभा होतो. गोदाजिजी नातवाला घेऊन समोरून गेली, माझ्याकडे न बघता. मागून मथीआक्का आली. गर्दीत बायकांच्या घोळक्यातून चालत होती, कुणी अंग चोरत नव्हतं. मी हात जोडले. क्षमा मागायची होती, पण जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलल्यावर स्वतःचं वाक्य सापडत नाही. म्हणून मूर्खासारखं विचारलं, "आक्का, कसा वाटना दुसरा भाग?"

तिने खरंच विचार केला. पदराने कपाळ पुसलं.

"खरं सांगू का मास्तर? पहिला चांगला व्हता," ती म्हणाली. "पन पहिलामा माले बसाले जागा नव्हती."